चोवीस हजाराच्या नळ्या

६ एप्रिल, सोमवार

काल पाच तारीख गेली. पोटगी आली नाही. फेब्रुवारी, मार्च, आता एप्रिल. मालेगावला मेसेज टाकला. (मालेगाव म्हणजे तनूचा बाप, वाशीमजवळच्या मालेगावचा. घटस्फोट झाल्यापासून मी इथं त्याचं नाव लिहीत नाही. गावाच्या नावानं लिहिलं की राग तालुकाभर पसरतो, एका माणसावर साचून राहत नाही.) दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

घराचा हप्ता मात्र दोन तारखेला त्याच्या खात्यातून बिनबोभाट गेला. चौदा हजार दोनशे. बँकेचा मेसेज मलाही येतो, कारण घर दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर. दोन वर्षांपूर्वी समझोता झाला तो असा: वाशीमच्या या घरात मी आणि तनू राहणार, हप्ता पूर्ण तो भरणार, शिवाय तनूसाठी दरमहा सहा हजार माझ्या खात्यात. नवरा-बायको म्हणून आमच्यात जे उरलंय ते फिटायला अजून अकरा वर्षं आहेत.

म्हणजे विटा-सिमेंटला न चुकता पोसतो आणि आत राहणाऱ्या पोरीला विसरतो. विसरतो का? की

९ एप्रिल

कॉलेजातला यंदाचा शेवटचा तास. मी तासिका तत्त्वावर. तास चालू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की नुसती बाई. आता जुलैपर्यंत घंटाच नाही. खात्यातली शिल्लक दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहून वाढत नाही हे माहीत असूनही.

साप्ताहिकाचं सदर दिलं. बसस्थानकातल्या पंख्यांवर. संपादक म्हणाले, "मॅडम, यावेळी चिमटा बसत नाही." नऊ वर्षं जिल्ह्यातल्या झाडून सगळ्यांना चिमटे काढतेय. स्वतःच्या घरचं हसण्यासारखं इतकं साचलंय की पुढची नऊ वर्षं निघतील, पण ते छापता येत नाही. तेवढं सोडून सगळं सुचतं.

१२ एप्रिल, रविवार

माहेरून, रिठदहून, भाजीची चुंगडी आली. काळी-पिवळीवाला दारात उतरवून गेला, भाडं बाबांनी आधीच दिलेलं. वांगी, टमाटे, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, आणि एक कोहळं, जे पाहून नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली तनू म्हणाली, "आई, याला पण अकरावीत घालायचंय का?"

बाबांना झालंय काय कळत नाही. फेब्रुवारीपासून दर रविवारी. आधी सणासुदीला थैली यायची, आता पोतं. आम्ही दोघी. तनूला वांगं चालत नाही. नेहमीप्रमाणे अर्धं समोरच्या काकूंना दिलं. त्यांच्याकडे माणसं सात. काकू म्हणाल्या, "तुमचे वडील म्हणजे देवमाणूस." फोन करून विचारलं तर बाबा म्हणाले, "खा वं बाई, तुह्यंच हाय." आणि ठेवला.

बागाईतदार माणूस पोरीला भाजी पाठवतो यात विचारण्यासारखं काय, असं मीच मला सांगितलं.

२१ एप्रिल, मंगळवार

वकीलसाहेबांकडे. म्हणाले, वसुलीचा अर्ज टाकू, सरळ प्रकरण आहे. शपथपत्र लागेल: फेब्रुवारीपासून पोटगीपोटी काहीच मिळालेलं नाही. मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, "म्हणजे रोख, चेक, ऑनलाइन, हातउसने, काहीच?" म्हटलं, एक पैसाही नाही. इतकं सोपं सत्य आयुष्यात फार कमी वेळा बोलायला मिळतं. आत्ता सही करते म्हटलं, तर म्हणे, उन्हाळी सुट्टीनंतर टाकू, जूनमध्ये. तोवर तो भरेलही कदाचित.

परत येताना बरं वाटत होतं. एकदा तरी सगळा दोष एकाच बाजूला होता.

५ मे, मंगळवार

बरं वाटणं संपलं. बँकेचा मेसेज: मेचा हप्ता परत गेला, खात्यात पुरेशी रक्कम नाही.

बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, फार अदबीचा. "मॅडम, दंड लागेल. लवकर भरा." मी म्हटलं, मी नाही भरत, ते भरतात. "इथं तुम्ही दोघं एकच दिसता." म्हटलं, आम्हाला कोर्टानं वेगळं केलंय. त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं, खरंच वाईट वाटल्यासारखं. "कर्जात नाही केलं, मॅडम. दोघांपैकी कोणीही भरलं तरी चालतं. सलग तीन थकले तर घरावर नोटीस निघते."

तीन. मे, जून, जुलै.

पोटगी मेचीही नाही. चार महिने झाले. चोवीस हजार.

८ मे

मालेगावचा फोन. स्वतःहून. तीन महिन्यांत पहिला. हप्त्याचं म्हणाला, "दुकान बसून राह्यलं. सारी उधारी. सोयाबीन निघाल्याबिगर कोनी पैसा सोडत नाही." त्याचं ठिबकच्या नळ्यांचं, फवाऱ्यांचं, मोटरींचं दुकान. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, घेणार आज, देणार पीक आल्यावर. हे मला चौदा वर्षं ऐकून पाठ आहे.

मी म्हटलं, हप्त्याचं राहू दे, तनूचे चोवीस हजार कुठायत?

अगदी गोंधळलेल्या आवाजात, "कोनते चोवीस?"

म्हटलं, पोटगी. फेब्रुवारीपासूनची.

"ते तं देल्ले ना."

"कोणाला?"

"मामाजीले. तुले माहीत नाही?"

मामाजी म्हणजे माझे बाबा.

"तुह्या बापाच्या वावरात चोवीस हजाराच्या नळ्या गाडून देल्ल्या म्या. एक एकर ठिबक, मल्चिंग पेपरासकट. मामाजी म्हने पैसे देतो, मी म्हनलं राहू द्या, पोरीच्या पोटगीतून वळते करून घेतो. ते म्हने जमते. चार महिन्याचं बरोबर बसलं. मंग तुले कायचा मेसेज करू?"

मी फोन ठेवला.

१० मे, रविवार

चुंगडीची वाट न पाहता मीच रिठदला गेले. बाबा वांग्यात होते. प्रत्येक रोपाच्या बुडाशी काळी नळी, तिच्यातून टिपटिप पाणी. ऊन मरणाचं आणि वावर हिरवंगार. बाबांचा चेहरा इतका खुलला की मी भांडणाची सुरुवात विसरले. म्हणाले, "पाय बाई, एक थेंब वाया जात नाही."

म्हटलं, बाबा, ही तनूची पोटगी आहे.

"हो ना." नाकारलं नाही, लपवलं नाही. "तिचीच हाय. म्हनून तं दर आयतवारी चुंगडी धाडतो. पोचते ना?"

माझ्या डोक्यात जरा वेळानं उजेड पडला. बाबांच्या हिशेबात तनूची पोटगी जमिनीत गेली, जमिनीतून वांगं निघालं, वांगं काळी-पिवळीनं वाशीमला आलं. फिटली. चार महिने मी पोटगी फोडणीला टाकत होते. त्यातलीही अर्धी समोरच्या काकूंनी खाल्ली. माझ्या मुलीची पोटगी सात माणसांच्या परक्या कुटुंबानं, मला देवमाणसाची मुलगी म्हणत म्हणत.

मी म्हटलं, मला विचारायचं नाही का?

"तुले इचारलं असतं तं तू नाही म्हनली असती." हेही खरं. "पैसा तुह्या खात्यात गेला का फीमदी जाते, लाइटबिलात जाते. वावरात गेला तं वाढते. अन् हे वावर कोनाचं हाय? तुह्यं. तुह्यामागं तनूचं. मले काय दुसरं लेकरू हाय?"

आईनं ताक आणलं. ती म्हणाली, "आधी पी, मंग भांड."

येताना हातात दुसरी चुंगडी. घेतली. का घेतली?

१६ मे

आज रात्री गादीवर तनूशी बोलणं. अकरावी सायन्स, सोबत क्लास. क्लासवाले पहिला हप्ता पंधरा हजार सांगतात. तनूला ठिबकचं आधीपासून माहीत होतं. बाप फोनवर बोललेला. "मला वाटलं तुला माहितेय. तुमचं मोठ्यांचं असतं ना काही काही." मोठ्यांचं. दोन मोठ्या माणसांनी तनूची पोटगी मला न सांगता पेरली, आणि तिसरी मोठी वांग्याची भाजी करत बसली.

१९ मे, मंगळवार

परवापासून अधिक महिना लागला. बाबांचा फोन: "येत्या आयतवारी विलासरावले धोंडे जेवाले सांगतलं." विलासराव म्हणजे मालेगाव. नाव लिहावं लागलं, इलाज नाही, बाबांच्या तोंडचं आहे.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे, कपडे करायचे, हे ठीक. पण जावई असावा लागतो. म्हटलं, बाबा, घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली.

"ते तुमचं. कोर्टानं तुमचं लग्न मोडलं. माह्यं सासरेपन कोर्टात गेलंच नव्हतं."

मी म्हटलं, लोक हसतील.

"हसू दे ना. तू तं साऱ्या जिल्ह्याले हसते."

आईनं फोन घेतला. हळू आवाजात, "तू येशील का? वाण जोडप्यालेच देतात वं." मी ठेवून दिला. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, तनूला पाठवते. तिचा बाप आहे, तिचे आजोबा आहेत, तिचं जेवण आहे. यात मला काय. हे सांगताना आवाज जरा चढला होता, तो का, ते मला नाही कळलं.

२४ मे, रविवार

तनू सात वाजता परतली. हातात अनारशांचा डबा. हकिकत तिच्याच शब्दांत, कारण मी काही जोडलं तर सदर होईल:

पाट एकच मांडला. आजीनं बाजूला दुसरा मांडला होता, पप्पा आल्यावर उचलला. आजोबांनी परातीत पप्पांचे पाय धुतले. पप्पा म्हणत होते, "मामाजी, नका, नका," आणि पाय मागे घेत होते, तर आजोबांनी घोटा धरून ठेवला. धोंडे चार खाल्ले पप्पांनी. टॉवेल-टोपी, शर्टपीस, तांब्याचा दिवा. मग पप्पा रडले थोडे. मग आजोबांना ठसका लागला.

"मग आजोबांनी मोटर मागितली."

मी म्हटलं, कुठली मोटर?

विहिरीतली जळली म्हणे. पाण्यातली नवी अठरा हजारांना. जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिन्यांत बसते. पप्पा म्हणाले, मामाजी, आता लिहून द्या, ती (म्हणजे मी) कोर्टात जाईल. आजोबा म्हणाले, देतो ना, कायचं भेव. पप्पांचं अक्षर दुकानदारी, आजोबा नुसती सही करतात.

"मग मी लिहिलं," तनू म्हणाली. "पप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले. माझं अक्षर छान म्हणून."

मोबाइलमध्ये फोटो दाखवला. आजोबा सही करताना छान दिसत होते म्हणून काढलेला. मोठा करून वाचलं. 'कुमारी तन्वी हिच्या पोटगीपैकी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची रक्कम रुपये चोवीस हजार ठिबक साहित्याच्या रूपाने मिळाली. पुढील तीन महिन्यांची मोटरीच्या रूपाने मिळेल. तक्रार नाही.' खाली बाबांची सही. सुंदर, गोल, सुटं अक्षर. र्‍हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. मीच शिकवलंय.

२५ मे

तनूला विचारलं, लिहिताना काही वाटलं नाही का? म्हणाली, "वाटलं ना. 'तन्वी हिच्या' लिहिताना वाटलं की ही कोण." मग क्लासच्या फीचं विचारलं. म्हटलं, बघू. ती म्हणाली, "मोटरवर क्लास लावता येईल का?"

हसलो दोघी. बराच वेळ.

२८ मे, गुरुवार

वकीलसाहेबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "अक्षर कोणाचं?" सांगितलं. "अरे देवा."

त्यांचं म्हणणं, जसं समजलं तसं उतरवून ठेवते. पोटगी मुलीची. ती माझ्या खात्यात द्यायची असं हुकमात स्पष्ट आहे. आजोबांना परस्पर नळ्या देऊन ती फिटत नाही. इथपर्यंत आपलं बळकट. पण 'काहीच मिळालं नाही' एवढं आता पुरणार नाही, कारण तो ही पोहोच दाखवेल. म्हणून शपथपत्रात लिहावं लागेल: 'माझ्या वडिलांनी माझ्या माहितीशिवाय व संमतीशिवाय सदर माल परस्पर स्वीकारला.' आणि वडिलांना साक्षीला उभं करावं लागेल. समोरचा वकील त्यांना उलटसुलट विचारणार.

मी म्हटलं, दुसरं काही?

"दुसरं म्हणजे गप्प बसणं. आज सोडलं तर मोटर येईल. मोटरीनंतर पाइप. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत तुमच्या वडिलांचं वावर फार पुढारलेलं असेल."

टंकलेला कागद दिला. सही त्यांच्यासमोर करायची. 'परस्पर' हा शब्द तीनदा आलाय. नऊ वर्षांत मी अनेक जणांना परस्पर काय काय करताना पकडून छापलं. बाबांना त्या यादीत घालायला हात

३ जून, बुधवार

बँकेचा मेसेज. मेचा हप्ता दंडासह जमा. जूनचाही जमा. दोन्ही एकदम.

पहिल्यांदा वाटलं बाबांनी भरले. आईला फोन केला. "आमच्यापाशी कुठं आले एवढे?" मग तनू म्हणाली, "पप्पांनी गाडी विकली वाटतं. डीपीत होती, काढून टाकली."

आता काय समजायचं? घर वाचलं, निदान सध्यापुरतं. ज्यानं वाचवलं त्याच्यावर मी वसुली लावणार. ज्याच्यावर लावणार तो पायी फिरतोय. आणि तनूचे सहा हजार जूनचे, पाच तारीख परवा, ते यायचे नाहीत, ते मोटरीत.

६ जून, शनिवार

राहवेना, मालेगावला जाऊन आले. दुकानात तीन शेतकरी उधारीवर नळ्या घेत उभे. त्यांच्यासमोर काय बोलणार. त्यानं स्टूल पुसून दिलं आणि चहा मागवला. मी चौदा वर्षं त्याची बायको होते तेव्हा दुकानात मला कधी स्टूल मिळालं नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर म्हटलं, पोरीचे पैसे पोरीच्या खात्यात टाकायला काय होतं?

"रोख नाही ना. माल हाय." हात फिरवून दुकान दाखवलं. "हप्ता बँक मालात घेत नाही, म्हनून गाडी इकली. पोटगी मालात जमली, म्हनून मालात देल्ली. तुले मोटर लागली असती तं तुले देल्ली असती."

मी म्हटलं, मी तिसऱ्या मजल्यावर मोटर कुठं बसवू? (आमचं घर एकमजली आहे. रागात मजले वाढतात.)

म्हणाला, "घर इकून टाक तं. कर्ज फेडू, उरलं ते तनूचं. सारेच मोकळे."

म्हटलं, आणि आम्ही राहायचं कुठं?

तो खूप वेळ विचार करत होता. खरंच करत होता, चेहऱ्यावर दिसतं त्याच्या. मग म्हणाला, "रिठदले पानी चांगलं हाय आता."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. तीच तर अडचण.

निघताना म्हणाला, कोर्टात जाशील तर जा, पण मामाजीला मध्ये घेऊ नको. मी म्हटलं, मध्ये कोणी घेतलं? एसटीत उभी आले.

११ जून

वकीलसाहेबांचा फोन: सोमवारी अकराला सही, लगेच अर्ज दाखल. वडिलांना थोडं तयार करून ठेवा, म्हणाले, म्हातारी माणसं पिंजऱ्यात भलतंच बोलतात.

बाबांना कळवलं. काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं, 'परस्पर' सकट. म्हणाले, "आयतवारी येतो."

१४ जून, रविवार

बाबा आले. रिकाम्या हातानं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, आणि ते त्यांनाही कसंतरी वाटत होतं, हात कुठं ठेवावे कळत नव्हतं.

जेवणं झाल्यावर तनू म्हणाली, रंगीत तालीम करू. खांद्यावर काळी ओढणी घेऊन समोरचा वकील झाली. मी न्यायाधीश, खुर्चीत. बाबांना स्टुलावर बसवलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

नाव. वय. धंदा. "बागाईत." इथवर झकास.

"ठिबकचं सामान तुम्हाला कोणी दिलं?"

"जवाईबापूनं."

मी म्हटलं, बाबा, जवाई म्हणायचं नाही.

"मंग काय म्हनू?" खरा प्रश्न. तनू म्हणाली, "सामनेवाला म्हणायचं." त्यांनी तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. "सामनेवाल्यानं."

"ते पोटगीतून वळते करायला हो म्हणा, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरीनं."

मी उठलेच. बाबा, मी? मी कधी?

"नाही सांगतलं तू. पन तसं म्हनतो ना. बापानं पोरीले न इचारता नातीचा पैसा घेतला, हे चार लोकांत कसं सांगू? तुह्यी इज्जत जाईन. तू सांगतलं म्हनतो, म्हनजे तू समजदार, मी आपला निरोप्या."

समजावलं. बाबा, असं म्हणालात तर मी हरले. माझ्या परवानगीनं घेतलं असं ठरेल. तनूचे पैसे बुडाले, आणि पुढचेही जातील. माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला वाचवायचं असेल तर स्वतःला उघडं पाडा. हे वाक्य मी बापाला ऐकवलं. नीट, सावकाश, विद्यार्थ्याला सांगतात तसं.

ते मान हलवत राहिले. पुन्हा घेतलं. पुन्हा "पोरीनं." जीभ तिकडेच वळते, म्हणाले.

तिसऱ्यांदा तनूनं आवाज मोठा केला. "आजोबा, खरं सांगा. कोणी सांगितलं होतं?"

"कोनीच नाही." आता ते कोणाकडेच पाहत नव्हते. "मले वाटलं, रोख पैसा देल्ला का मानूस मोकळा होते, मंग येत नाही. देनंघेनं चालू ठेवलं तं येत राह्यते. पोट्टीचा बाप हाय. येत राह्यला पाह्यजे."

तनूनं ओढणी खांद्यावरून काढली. मी म्हटलं, पुढचा प्रश्न विचार. म्हणाली, "वकील असं विचारतात का पुढे काही?" म्हटलं, विचारतात. ती म्हणाली, "मला नाही येत," आणि आत गेली.

आम्ही दोघं बसलो. कागद टीव्हीच्या टेबलावर, सहीची जागा कोरी. बाबांनी टोपी घातली. पहिल्यांदाच खरं आणि बरोबर उत्तर दिलं होतं त्यांनी, वकीलसाहेब खूश होतील असं. ते ऐकून मला सही करणं सोपं व्हायला हवं होतं.

गेटपाशी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

म्हटलं, मी फोन करते. फोन केल्याशिवाय निघू नका.

"अन् फोन नाही आला तं?"

"तर"

काळी-पिवळीवाला हॉर्न मारायला लागला. बाबा चढले, खिडकीतून पाहत राहिले, पुढचं मी सांगेन म्हणून. गाडी वळेपर्यंत मी हात वर धरून उभी होते.